लग्नपत्रिका छापण्यापूर्वी

लग्न ठरले की घरात पहिली धावपळ सुरू होते ती पत्रिकेची. छापखान्यातील नमुन्यांची वही समोर आली म्हणजे कागद, रंग आणि सोनेरी अक्षरे यांकडेच लक्ष जाते. मजकूर मात्र जुन्या एखाद्या पत्रिकेवरून तसाच उतरवला जातो. वास्तविक पत्रिका हे निमंत्रण तर आहेच, पण तो विवाहाचा एक लेखी पुरावाही आहे. म्हणून खोपोली, कर्जत व खालापूर परिसरातील आपल्या कुटुंबांना उपयोगी पडेल अशा रीतीने हा विषय क्रमाने पाहू.

१. आधी वय, मग पत्रिका

वधूचे वय १८ व वराचे वय २१ वर्षे पूर्ण झाल्याची खात्री शाळा सोडल्याच्या किंवा जन्माच्या दाखल्यावरून करावी, तोंडी सांगण्यावरून नव्हे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार असा विवाह लावणारे, तसेच त्याला उत्तेजन किंवा परवानगी देणारे पालक व संस्थेचे सभासद यांनाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. (स्त्रियांना मात्र कैदेची शिक्षा नाही.) मुलगी दहावी-अकरावीत असताना पत्रिका छापली गेली, तर शाळा तिच्यापुरती तेथेच संपते. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी पत्रिका हाती येण्याची वाट न पाहता, बोलणी सुरू असतानाच दाखला मागावा.

२. मजकूर कसा असावा

बाबासाहेबांनी ४ डिसेंबर १९५६ च्या पत्रात बौद्ध विवाहविधी साधा असल्याचे, त्यात होम व सप्तपदी नसल्याचे लिहिले आहे. विधीत मुहूर्त नाही, तर पत्रिकेत 'अमुक वाजून सदतीस मिनिटांनी' कशासाठी? 'सकाळी ११ वाजता' असे लिहावे आणि ती वेळ पाळावी. 'कै.' ऐवजी 'कालकथित', 'चि. सौ. कां.' ऐवजी 'आयुष्मती' हे शब्द आपल्याकडे रूढ आहेत. ते सर्वत्र एकसारखे वापरावेत. वधू-वरांच्या आईचे नाव वडिलांच्या बरोबरीने छापावे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लिहिण्याचा निर्णय शासनानेही घेतला आहे.

तथागत व बाबासाहेब यांची चित्रे पाकिटावर छापू नयेत. पाकिटावर टपालाचा शिक्का बसतो आणि नंतर ते पायदळी जाते. चित्र आतल्या पानावर एकदाच असावे.

३. नाव आणि पत्ता

वधू-वरांची पूर्ण नावे आधार कार्डावर व शाळेच्या दाखल्यावर आहेत तशीच द्यावीत. घरातले लाडके नाव हवे असेल तर कंसात द्यावे. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाहानंतर ९० दिवसांच्या आत नोंदणीचे ज्ञापन तीन साक्षीदारांच्या सह्यांनिशी द्यायचे असते. त्यासोबत बहुधा लग्नपत्रिका मागतात. पत्रिकेत एक नाव आणि दाखल्यात दुसरे असले की हेलपाटे सुरू होतात.

पत्ता लिहिताना कर्जत नावाचे दोन तालुके आहेत हे विसरू नये. एक आपल्या रायगड जिल्ह्यात (पिन ४१०२०१), दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यात. खोपोलीचा पिन ४१०२०३ आहे. रेल्वेने येणाऱ्यांसाठी जवळचे स्थानक लिहावे. कर्जतपुढे खोपोलीच्या फाट्यावर पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली ही स्थानके आहेत. केवळ 'खोपोलीजवळ' लिहिले तर केळवलीला उतरायचा पाहुणा खोपोलीला जाऊन परत फिरतो.

४. किती छापाव्यात?

माणसे मोजू नयेत, घरे मोजावीत. चारशे पाहुणे अपेक्षित असतील आणि घरटी सरासरी चार माणसे धरली, तर शंभर पत्रिका पुरतात. दहा-पंधरा जादा धराव्यात. अक्षरजुळणी, प्लेट आणि यंत्रावरची तयारी यांचा खर्च शंभर पत्रिकांना लागतो तेवढाच दोनशेंना लागतो. म्हणून नंतर पंचवीस पत्रिका पुन्हा छापणे महाग पडते. यादी आधी पूर्ण करावी, मगच आकडा सांगावा. दूरच्यांना मोबाईलवर पत्रिका पाठवता येते. मात्र वडीलधाऱ्यांच्या हाती कागद द्यावा आणि दोन शब्द बोलावेत.

दर ठरवताना पाकीट, दुसरा रंग व घडी यांचे पैसे धरले आहेत का, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. कर्ज काढून महाग पत्रिका छापण्यापेक्षा तीच रक्कम नवदांपत्याच्या नावे बँकेत ठेवणे शहाणपणाचे.

५. मुद्रित तपासणे

छापण्यापूर्वी कच्चे मुद्रित मागून घ्यावे. घरातील दोघांनी ते तपासावे, एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने दाखल्यांशी ताडून पाहावे. तारीख आणि वार जुळतो का, हे दिनदर्शिकेत पाहावे. मगच सही करावी. सहीनंतरची चूक छापखान्याच्या माथी मारता येत नाही.

विद्यार्थ्यांनी हे काम आपल्या अंगावर घ्यावे. घरात आलेली एखादी जुनी पत्रिका घ्यावी आणि वरील पाच मुद्द्यांवर ती तपासून पाहावी. शुद्धलेखन, हिशेब आणि कायदा या तिन्ही विषयांचा अभ्यास त्यात आपोआप होईल. शिवाय पुढच्या वेळी एखाद्या अल्पवयीन बहिणीची पत्रिका छापायला निघाली, तर 'थांबा, दाखला दाखवा' असे म्हणणारे कोणीतरी घरातच असेल.