सेफ्टी व्हॉल्व्हखालचा कॉक

मिरकरवाडा बंदराला बर्फ पुरवणाऱ्या एका कारखान्यात मी अमोनियाचा प्लँट चालवायचो. तिथली एक दुपार मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. आता सांगतो, कारण मी जे केलं ते आजही कुणीतरी करत असणार.

1 ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की लाद्यांना उसंत नसते. अशा ऐन हंगामात रिसीव्हरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गळायला लागला. वरच्या पाइपातून गॅसचा वास गल्लीत उतरायचा, शेजारी दारात यायचे. बोटी बर्फासाठी खोळंबलेल्या, प्लँट बंद ठेवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. मी व्हॉल्व्हखालचा कॉक आवळला. वास थांबला. रविवारी नवा बसवायचा असं ठरलं आणि तो रविवार काही उजाडला नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात कंडेन्सरवर पाणी सोडणाऱ्या पंपाची मोटर जळाली. पाणी थांबलं, कॉम्प्रेसर मात्र गॅस दाबतच राहिला. हेड प्रेशर एरवी 180 पौंडांच्या आसपास असायचं, ते चढत गेलं. कटआउटने मशीन पाडायला हवं होतं, पण खाऱ्या हवेने त्याचे पॉइंट चिकटले होते. 250 ला उघडणाऱ्या व्हॉल्व्हची वाट तर मीच बुजवली होती. मी लाद्या काढत होतो. हाताखालचा पोरगा ओरडला, "काका, काटा बघा!" काटा 270 वर होता. धावत जाऊन बटण दाबलं, होजने कंडेन्सरवर पाणी मारलं. काटा उतरला. रिसीव्हर टिकला. त्याच्या चार हातांवर तो पोरगा उभा होता.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या गुडइयर कारखान्यात हेच घडलं, पण तिथे काटा उतरला नाही. 10 जून 2008 ला दुरुस्तीसाठी अमोनियाच्या हीट एक्स्चेंजरवरच्या रिलीफची वाट बंद केली, ती पुन्हा उघडायची राहिली. दुसऱ्या दिवशी धुलाईची वाफ सोडली, अमोनिया तापला, भांडं फुटलं. एक कामगार गेला.

म्हणून आधी हे बघा: भांडं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये हाताने बंद होईल असा कॉक आहे का? असेल तर तो काढून थ्री-वे व्हॉल्व्हवर दोन सेफ्टी व्हॉल्व्ह बसवून घ्या. एक खोलून काढला तरी दुसरा भांड्याशी जोडलेलाच राहतो. चालू हंगामात बदलायची सोय होते आणि मला जो मोह झाला तो कुणाला होत नाही.

गळणारा व्हॉल्व्ह काहीतरी सांगत असतो. एकदा उघडला की बसण्याच्या जागेवर तेल, गंज, वेल्डिंगचा कण अडकतो आणि तो पुन्हा नीट बसत नाही. तो बदलायचाच. हातोडीने ठोकू नका, स्प्रिंग आवळू नका, सील तोडू नका. स्प्रिंग आवळली की व्हॉल्व्ह किती पौंडांवर उघडेल ते कुणालाच सांगता येत नाही. एकदाही न उघडलेला व्हॉल्व्हसुद्धा पाच वर्षांनी बदलावा किंवा बेंचवर तपासून नव्याने प्रमाणित करून घ्यावा, हा बऱ्याच ठिकाणच्या अमोनियावाल्यांचा प्रघात आहे. आपल्या समुद्रकाठी मी तेवढीही वाट बघणार नाही. पितळी व्हॉल्व्ह तर चुकूनही आणू नका. अमोनिया तांबं-पितळ खातो. बारीक गळती नाकावर सोडू नका, रोजच्या वासाला नाक सरावतं. ओला लाल लिटमस धरा, गॅस असेल तर तो निळा होईल.

आता सेफ्टी व्हॉल्व्हच्या वरचा, गॅस बाहेर सोडणारा पाइप. याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. त्याचं तोंड माणसांच्या डोक्यांपासून आणि खिडक्यांपासून दूर, उंच हवं. आपल्याकडचा पाऊस त्यात शिरतो, तळाशी साचतो, व्हॉल्व्ह आतून गंजवतो. म्हणून खाली पाणी काढायची सोय ठेवा आणि पावसाळ्यात ती उघडून बघत जा.

हे सगळं 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीतच उरका. बोटी किनाऱ्याला असतात, मालकही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असतो. दर व्हॉल्व्हची तारीख, दाब आणि कोणी बसवला ते वहीत लिहा, पण वहीवर विसंबू नका. एका जुलैत मी पाइपाचं तोंड उघडलं, तर आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधून ते गच्च बंद केलं होतं. खालच्या व्हॉल्व्हच्या पट्टीवरची तारीख त्याच वर्षाची होती.