कुत्र्यांवरील गोचीड व त्यांचा ऋतु

गाईचा गोचीड व कुत्र्याचा गोचीड एकच, अशी पुष्कळांची समजूत आहे. ह्या समजुतीपायीं राखणीचे चांगले कुत्रे हकनाक मरतात. गाईवरील नेहमींचा निळसर गोचीड लहानपणीं एकदां चिकटला कीं पुरा वाढेपर्यंत त्याच जनावरावर राहतो. कुत्र्याच्या तपकिरी गोचिडाची रीत निराळी. त्याचें सहा पायांचें पिलूं रक्त पिऊन खालीं पडतें, भेगेंत कात टाकून आठ पायांचें होतें, व पुनः कुत्र्यावर चढतें. पुनः गळतें, पुनः चढतें. शेवटीं मादी भिंतीच्या फटींत हजारों अंडीं घालते. तेव्हां अंगावर जितके गोचीड दिसतात, त्यांच्या कित्येक पट भिंतींत असतात.

देशावर पौष-माघाच्या थंडींत त्यांची वाढ मंदावते. फाल्गुनापासून ती वेग घेते. अनुकूल हवेंत एक पिढी सुमारें २ महिन्यांत पुरी होते, म्हणून पावसाळ्यांत त्यांचा सुळसुळाट दिसतो. कोंकणांत थंडीच बेताची, तेथें उपद्रव बारमाही. बंदोबस्ताचा खरा महिना माघ होय.

गोचिडांच्या दंशानें एर्लिकिया व बाबेसिया हे रक्ताचे रोग होतात. बाबेसियाची एक जात १९१० सालीं पॅटन ह्यांनीं मद्रासेकडील शिकारी कुत्र्यांच्या रक्तांतच प्रथम वर्णिली. तींत ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधीं लघवी तांबडी होते. एर्लिकिया अधिक कपटी. दंशानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप येतो, कुत्रा खाणें टाकतो, आणि पुष्कळदां आपोआप बरा झालेला दिसतो. येथेंच धनी फसतो. प्रस्तुत लेखकाचा खळ्यावरील कुत्रा श्रावणांत असाच ‘बरा’ झाला, व माघांत नाकांतून रक्त वाहून मेला. पहिल्या तापांतच पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावें. डॉक्सीसायक्लीन सुमारें ४ आठवडे द्यावें लागतें. कुत्रा दोन दिवसांत भाकरी खाऊं लागला म्हणून तें थांबवूं नये.

गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावा. बोटांनीं चिरडूं नये. त्याच्यापासून माणसांसही पुरळाचा ताप येतो, व मुलें तर कुत्र्याशीं दिवसभर खेळतात. घासलेट किंवा पिकावरील विषारी औषध कुत्र्यास कदापि लावूं नये. पशुवैद्य सांगतील तेंच लावावें. भेगा लिंपतांना जमिनीलगतच्या बुजवून थांबूं नये, कारण हा गोचीड भिंतीवर चढून वळचणीपर्यंत जातो. कुत्र्याच्या निजण्याचें पोतें दर आठवड्यास उकळत्या पाण्यांत बुडवून कडक उन्हांत वाळवावें.