पडद्यावरील पान आणि अंध वाचक

पुस्तकाचे पान स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवले, की ते सर्वांना खुले झाले असे ग्रंथालयातील तंत्रज्ञास वाटते. डोळस वाचकापुरते ते खरेही आहे. परंतु अंध वाचकाचा स्क्रीन रीडर अक्षरे वाचतो, अक्षरांचे छायाचित्र नव्हे. ओसीआर आज्ञावली त्या चित्रातून मजकूर काढते खरी. तथापि देवनागरी जोडाक्षरांत ती अडखळते, म्हणून मुद्रितशोधन माणसानेच करावे लागते. मायकेल करन या अंध तरुणाने ऑस्ट्रेलियात २००६ साली आरंभिलेला ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो. तो चालू करून, पडदा झाकून, माउसला हात न लावता, तंत्रज्ञाने आपल्याच ग्रंथसूचीत एखादे पुस्तक शोधून पाहावे. ज्या बटणांना नाव दिलेले नाही, त्यांच्यापाशी ‘बटण’ एवढाच शब्द ऐकू येतो.