आधी कापड ओळख, मग कात्री उचल

पोरी, बँकेतली नोकरी सोडून कपड्यांच्या धंद्यात उतरायचं तू ठरवलं आहेस. तुझ्या आईला काळजी वाटते, मला आनंद झाला. माझं आयुष्य तागे, कात्री आणि शिलाईच्या हिशेबात गेलं. त्यातून जे हाती लागलं आणि आमच्या कटिंग मास्तरांनी जे मला दिलं, ते आता तुझ्या कानावर घालते.

बाहेरचा माणूस या धंद्यात टिकतो का, या शंकेत वेळ घालवू नकोस. फॅशन डिझायनर राहुल मिश्रा हे भौतिकशास्त्राचे पदवीधर. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. व्हेरा वँगने न्यूयॉर्कमध्ये नववधूंच्या पोशाखांचं दुकान १९९० मध्ये काढलं, तेव्हा तिने चाळिशी गाठली होती. पण मिश्रांनी मध्ये अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत शिक्षण घेतलं होतं आणि वँग वर्षानुवर्षं ‘व्होग’ मासिकात, मग राल्फ लॉरेनकडे काम करून आली होती. म्हणजे वय आड येत नाही, पण शिकणं कुणालाच चुकत नाही.

१. कापड हाताला कळलं पाहिजे. कागदावर चित्र काढण्याआधी मुंबईच्या मंगळदास मार्केटमध्ये चार फेऱ्या मार. इचलकरंजीचं सुती, भिवंडीचं ग्रे म्हणजे न रंगवलेलं कोरं, सुरतेचं सिंथेटिक, तिरुपूरचं होजिअरी, सांगानेरचं ठशांचं, हे सगळं बोटांनी ओळखता आलं पाहिजे. दुकानदार ‘प्युअर’ म्हणाला की कडेचे चार धागे काढून पेटवून बघ. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो.

दुसरी परीक्षा आटण्याची. एक मीटर कापड घे आणि त्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आख. मग घरी धुतात तसं धू, वाळव, इस्त्री कर आणि पुन्हा मोज. ५० चे ४८ झाले तर कापड ४ टक्के आटलं. म्हणजे ४२ इंच लांबीचा कुर्ता पहिल्या धुण्यात जवळजवळ पावणेदोन इंच आखूड होणार. गिऱ्हाईक तो परत आणणार आणि चूक शिंप्याची नसून तुझी ठरणार. पन्हासुद्धा स्वतः मोज. ४४ इंच सांगितलेलं कापड ४२ इंच निघालं, तर मार्कर, म्हणजे कापायच्या भागांची मांडणी, बसत नाही आणि दर नगामागे कापड जास्त लागतं. रंग एकाच लॉटचा घे. लॉट बदलला की छटा बदलते, आणि कुर्ता एका छटेचा, सलवार दुसऱ्या छटेची झाली की तो जोड कोणी घेत नाही.

२. स्वतः शीव, मग शिवून घे. तुला उत्तम शिंपीण व्हायचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण मुंढा कसा कापतात, गळ्याला तिरपी पट्टी का लावतात, अस्तर वरच्या कापडाशी का भांडतं, हे माहीत नसेल तर मास्तर सांगेल तेच तुला खरं मानावं लागेल. आयटीआयमध्ये शिवणकामाचा अभ्यासक्रम आहे, निफ्टमध्ये नोकरदारांसाठी अर्धवेळ अभ्यासक्रम असतात. त्यातलं काही एक कर. नोकरी सोडण्याआधीच सुट्टीच्या दिवशी एखाद्या छोट्या कारखान्यात जाऊन बस. कटिंगच्या टेबलापासून काज-बटन, धागे कापणं, इस्त्री, पॅकिंगपर्यंत एका कुर्त्याच्या मागे मागे चाल. कुठे माल अडतो, कुठे डाग पडतो, कुठे वेळ जातो, ते तिथेच दिसतं. आणि या धंद्यात फक्त डिझायनरच असतो असं नाही. मर्चंडायझर, पॅटर्न मास्तर, दर्जा तपासणारा, खरेदी बघणारा, ही सगळी कामं मानाची आहेत. त्यातलं एखादं तुला जास्त जमेल.

३. पडून राहणारा माल किमतीत धर. हा सगळ्यात मोठा मंत्र आहे, म्हणून आकड्यांत सांगते. समज, एका कुर्त्याला अडीच मीटर कापड, १६० रुपये मीटरने ४०० रुपये. शिलाई १८०. काज-बटन, दोरा, लेबल ३०. इस्त्री-पॅकिंग २५. एकूण ६३५. तू विकतेस १,००० ला, आणि वाटतं की नगामागे ३६५ सुटले. आता १०० कुर्ते शिव. ७० पूर्ण भावात गेले, २० सेलमध्ये अर्ध्या किमतीत गेले, १० उरले. हाती आले ८०,०००, खर्च झाले ६३,५००. उरलेल्या १६,५०० मधून फोटो, कुरिअर, परत आलेला माल, भाडं आणि कर भागवायचा आहे. नगामागे ३६५ कुठे गेले ते बघ. म्हणून पहिल्या खेपेला माप आणि रंग कमीत कमी ठेव. सहा मापं आणि पाच रंग म्हटले की तीस ढीग होतात, आणि त्यातले दहा तरी हलत नाहीत.

कराचं गणितही डोक्यात ठेव. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की १८ टक्के. २,५०० च्या सीमेवर किंमत ठरवताना दोनदा विचार कर.

४. पंचांग भिंतीवर लाव. आपल्याकडचा कपडा सणावारावर चालतो. संक्रांतीला काळं लागतं, पण ते डिसेंबरात दुकानात लागलेलं हवं, म्हणजे कापडाची खरेदी दिवाळीआधीच. दिवाळीत कारागीर गावी जातात, तेव्हा मशीन बंद असतात. नवरात्रीचे नऊ रंग, पाडव्याची शिवलेली नऊवारी, तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी लग्नसराई, या सगळ्यांसाठी तीन-चार महिने आधी तयारी लागते. अधिक महिन्यात लग्नं थांबतात. २०२६ चा अधिक ज्येष्ठ मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन हंगामात पडतो. पितृपक्षात दुकानांत शुकशुकाट असतो. नमुने घेऊन दुकानदाराला भेटायला तीच वेळ चांगली, कारण तेव्हा त्याला ऐकायला सवड असते. आणि सणांवर अवलंबून नसलेलं एखादं कामही जोडून ठेव. शाळेच्या गणवेशांवर सोलापूरने नाव कमावलं, ते काम झगमगीत नाही, पण दर जूनला येतंच.

५. उधारीला मुदत घाल. ‘माल ठेवून जा, विकला की पैसे देतो’ म्हणणारे खूप भेटतील. ओळखीच्या दुकानात थोडा माल तसा ठेव, सगळा कधीच नको. उद्यम नोंदणी पहिल्याच आठवड्यात कर. ती असली की सूक्ष्म आणि लघू उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. ते मुदतीत दिले नाहीत तर, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, देणाऱ्याला तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. हा नियम सांगताना आवाज चढवू नकोस, फक्त बिलावर छापून ठेव.

६. कारागिराचे पैसे शनिवारी, न चुकता. आमचे मास्तर म्हणायचे, आपलं येणं आलं नाही हे कारागिराला सांगायचं नसतं. ज्या कारखानदाराकडे मजुरी वेळेवर मिळते, त्याचं काम हंगामातसुद्धा आधी होतं. विणकराचंही तसंच. येवल्याच्या पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव वापरायचं असेल तर माल खरा पैठणीचाच हवा आणि विणकराला भावही तसाच मिळायला हवा. यंत्रावरची नक्कल पैठणी म्हणून विकणं ही फसवणूक आहे, मग ती कितीही जण करत असोत.

७. बँक मागे टाकू नकोस. रोखीची आवक-जावक ओळखणं, कोणाला किती उधार द्यावं याचा अंदाज, कागद वेळेत पूर्ण करण्याची शिस्त, हे या धंद्यातल्या बहुतेकांकडे नसतं आणि तुझ्याकडे आहे. इंजिनिअर आला तर तो दर्जा तपासण्यात पुढे जातो, नर्स आली तर अंगाला काय टोचतं ते तिला आधी कळतं. तू पैशाच्या बाजूने ये. पण भविष्य निर्वाह निधीला हात लावू नकोस, आणि वर्षभराचा घरखर्च वेगळा काढल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस.

नजर तुझ्याकडे आहे, ती मी लहानपणापासून बघते आहे. पण नुसत्या नजरेवर हा धंदा चालत नाही, त्याला हात आणि हिशेब लागतो. हे दोन्ही शिकायला एक वर्ष दे. त्यानंतरही कापडाला हात लावताना आनंद होत असेल, तर मागे वळून बघू नकोस, ये.