मुळशीत टेलिकन्व्हर्टर वापरताना

१. आधी उजेड बघावा, मग पल्ला. ५०० मिमी एफ/४ लेन्सला १.४चा कन्व्हर्टर लावला की ७०० मिमी होतात, पण अ‍ॅपर्चर एफ/५.६ वर येतं आणि उजेड निम्माच उरतो. २चा लावला तर १००० मिमी, एफ/८ आणि उजेड पाव. जानेवारीत सकाळी मुळशी धरणाच्या काठावर हे सहज परवडतं. जुलैत ताम्हिणीच्या झाडीत भरदुपारी तिन्हीसांज झालेली असते. तिथे कन्व्हर्टर शक्यतो बॅगेतच बरा.

२. १५०-६०० सारख्या झूमला लावायची घाई नको. लांब टोकाला एफ/६.३ असलेली लेन्स १.४ मुळे जवळजवळ एफ/९ होते. बरेचसे डीएसएलआर तिथे फोकस पकडत नाहीत. मिररलेस पकडतात, तरी मी सरळ क्रॉप करतो.

३. ऊन चढलं की धरणावरची हवा थरथरू लागते. नदीसुरय अगदी स्वच्छ दिसत असतो, पण फोटोत त्याची पिसं विरघळल्यासारखी येतात. दोष लेन्सचा नसतो. मधल्या हवेचा असतो, आणि कन्व्हर्टर तोही मोठा करून दाखवतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पलीकडच्या काठाचं गवत मोठं करून पाहावं. ते हलतंय आणि वारा तर नाही, असं असेल तर कन्व्हर्टर काढावा. पक्षी आपणहून जवळ येईल तेव्हाच फोटो.

४. शेकरू फळ खात बसला की १/२५० लाही धारदार येतो, मात्र ट्रायपॉड हवा. उडी मारायच्या बेतात असेल तर कन्व्हर्टर नको.

५. उजेड कमी असूनही कन्व्हर्टर लावावा अशी एक जागा आहे: तिबोटी खंड्याचं बीळ. तो पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून पिल्लं वाढवतो. आपण फार जवळ असलो तर चोचीत सापसुरळी धरून फांदीवर ताटकळतो, आत जातच नाही. असं दिसलं की तडक मागे सरकावं, तो बिनधास्त बिळात शिरेपर्यंत. मग १.४ लावावा. त्याच्या बसायच्या फांद्या ठरलेल्या असतात, म्हणून आधीच फोकस करून, ट्रायपॉडवर, केबल रिलीजने १/६० लासुद्धा काम होतं. फ्लॅश अजिबात नको. नॉइज आला तर येऊ द्यावा, तो घरी कमी करता येतो.