कर्टुल्याची वेल आणि ‘वांझ’ हा शब्द



पहिला पाऊस पडला की सुरतच्या भाजीबाजारात कंकोडा दिसू लागतात. गुजरातीत कंकोडा किंवा कंटोळा, आपल्याकडे कर्टुली, कंटोळी, कुणी रानकारली म्हणतं. डांग, व्यारा या भागातल्या आदिवासी भगिनी रानातून वेचून आणतात. भाव ऐकून पिशवी आखडती घ्यावी लागते, म्हणून आम्ही सेवेकरी भगिनी ही वेल गच्चीवर बियांपासून लावतो. या लागवडीतून जो अभ्यास होतो, तो आज मांडतो आहोत.

*बी कसं धरायचं?*
वेलीवर एखादं फळ पूर्ण पिकू द्यावं. ते पिवळं-केशरी होऊन फुटतं, आत लाल गरात बिया असतात. गर धुऊन बिया सावलीत वाळवाव्या. ताजं बी लगेच रुजत नाही, काही महिने झोपलेलं असतं, म्हणून ते पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवावं. कवच कठीण असतं. पेरण्याआधी नेलकटरने टोकाला जरासं चिमटावं (आतला गर दुखवू नये) आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजवावं. बोटाच्या एका पेराएवढं खोल पेरावं. उगवण एकदम होत नाही. एक बी पंधरा दिवसांत वर येतं, दुसरं महिना घेतं. सगळीच उगवत नाहीत, म्हणून आठ-दहा तरी पेरावी. मोठी कुंडी, सैल माती, पाण्याचा निचरा आणि चढायला जाळी एवढं पुरे.

*मग फळ का येत नाही?*
मंडळात दरवर्षी हाच प्रश्न येतो. “ताई, वेल गच्च भरली, फुलं आली, पण फळ एक नाही. वांझ निघाली, उपटून टाकू का?”

थांबा. कर्टुल्यात नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते. बियांपासून लावलं तर साधारण निम्म्या वेली नर निघतात, आणि फूल येईपर्यंत कोणती कुठली ते कळत नाही. नर फुलाखाली नुसता बारीक देठ असतो. मादी फुलाखाली इवलंसं काटेरी फळ आधीच दिसतं. नर वेलीला फळ कधीच धरणार नाही. पण ती उपटली तर मादीची फळंही पिवळी पडून गळतात, कारण पराग कुठून मिळणार? आठ-दहा मादी वेलींना एक नर वेल पुरते, पण ती एक हवीच.

दुसरं कारण जागेचं. ही पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात आणि रात्रीचे पतंग पराग नेतात. सातव्या मजल्यावर पतंग कुठून येणार? दिवेलागणीला नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या मधोमध अलगद टेकवावे. फळ धरतं.

म्हणजे मादी वेलीत दोष नव्हता, नर वेलीतही नव्हता. तरी आपण शब्द कोणता वापरला? वांझ. हा शब्द आपल्या घराघरांत कुणाकुणाला ऐकावा लागला आहे, ते आपण सगळ्याजणी जाणतो. ओटी भरताना कुणाला मागे ठेवलं जातं, तेही पाहतो. वेलीची एवढी कारणं असू शकतात, तर माणसाबद्दल आपण किती झटकन निकाल देतो! सत्संगात बसून हा शब्द तोंडातून गेला नाही, तर ती जपाइतकीच मोठी साधना आहे.

*कंद जपा*
दिवाळीनंतर वेल वाळते. कुंडी रिकामी समजून ओतू नका, खाली कंद जिवंत असतो. पाणी अगदी कमी द्या. पुढच्या पावसात तो आपोआप फुटतो, आणि आता नर की मादी हेही माहीत असतं, कुंडीवर तशी खूण करून ठेवा. रानातला कंद मात्र विकत मागू नये. कंद उपटला की तिथली वेल संपते, आणि वेचणाऱ्या भगिनीची पुढच्या वर्षीची कमाईही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांनी घेवडा-वालाचे आणि इतर भाज्यांचे गावरान वाण असेच जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाला साथ देणारी बाएफ ही संस्था १९६७ साली उरुळी कांचनला स्थापन करणारे मणिभाई देसाई आपल्याच सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावचे. बियाणं जपण्याचा हा धागा आपल्या दारातूनच जातो.

*प्रसादाची भाजी*
कोवळी, हिरवी कर्टुली घ्यावी. धुऊन पातळ काप करावे, जून बिया काढाव्या. तेलात मोहरी, हिंग, हिरवी मिरची, मग काप घालून मंद आचेवर परतावं. शेवटी मीठ, ओलं खोबरं किंवा दाण्याचा कूट. चातुर्मासात कांदा-लसूण नसला तरी काही अडत नाही. कारल्यासारखा कडूपणा नसतो, मुलंही खातात.

*या आठवड्याचा अभ्यास*
१. आपल्या वेलीचं फूल उलटून पाहा, नर की मादी ते लिहा.
२. नर वेल जास्त असेल तर कंद ज्यांच्याकडे नाही त्यांना द्या.
३. घरात ‘वांझ’ शब्द कुणी उच्चारला, तर शांतपणे थांबवा.

गुरुचरणी नमस्कार.