सरासरीत न दिसणारा हमाल

वसमतच्या हळद बाजारात चहाचे, हमालीचे पैसे आता फोनवरून देता येतात. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमध्ये रक्कम दोन बँका आणि एनपीसीआय यांच्या संगणकांतून जाते. आजकाल अशी मोठी यंत्रणा अनेक लहान सेवांत विभागतात. त्यांना मायक्रोसर्व्हिसेस म्हणतात. मग पैसे अडकले, तर नेमके कोठे?

मेट्रिक्स म्हणजे एकूण कामाची मोजमापे. समजा, १०० व्यवहारांपैकी ९९ एका सेकंदात झाले व एक ६० सेकंद रखडला. सरासरी १.५९ सेकंद! आकडा बरा दिसतो. ताटकळलेला हमाल त्यात दिसत नाही. त्यासाठी ट्रेसिंग, म्हणजे माग काढणे. प्रत्येक विनंतीला आरंभीच क्रमांक द्यायचा. प्रत्येक सेवेने आपल्या कामाची वेळ त्याखाली नोंदवून तो पुढे सोपवायचा. यूपीआयच्या पावतीवरील १२ अंकी संदर्भ क्रमांक याच जातीचा. गूगलने २०१० मध्ये ‘डॅपर’ या निबंधात ही पद्धत मांडली.

माझ्या मते खरी अडचण शिस्तीची आहे. मधल्या एकाच सेवेने क्रमांक गाळला की माग तुटतो. शिवाय सगळे माग साठवणे महाग पडते. रखडलेले तेवढे ठेवावेत म्हटले, तर निवड व्यवहार संपल्यावरच करता येते. तोवर सगळेच सांभाळावे लागतात.